तीन बाजूंस नर्मदा : गढा-मंडळ्याची कथा

बदलीच्या गावी मराठी माणूस प्रथम तीन गोष्टींचा शोध घेतो : आपल्या माणसांचे मंडळ, गणपतीचे देऊळ आणि आपल्या इतिहासाची एखादी खूण. जबलपुरास येऊन आम्हांस आता काही वर्षे झाली. पहिल्या दोन गोष्टी लवकर सापडल्या. तिसरीच्या शोधात एका रविवारी आम्ही मंडल्यास गेलो. आपल्या बखरकारांनी व इतिहासकारांनी या गावास ‘मंडळा’ म्हटले आहे. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी गढा व मंडळा जिंकले, हे वाक्य आम्ही शाळेत पाठ केले होते. त्या एका वाक्याच्या पोटात केवढे गाव दडले आहे, याची मात्र आम्हांस कल्पना नव्हती.

जबलपुराहून मंडला सुमारे ९५ किलोमीटर. वाटेवर बरेला लागते. येथून जवळच राणी दुर्गावतीने २४ जून १५६४ रोजी अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना देह ठेवला. पूर्वी मंडल्यास जावयाचे तर नैनपुरास गाडी बदलून ‘छोटी लाइन’ धरावी लागे. ती अरुंद गाडी आता इतिहासजमा झाली असून तिच्या जागी मोठे रूळ आले आहेत. स्थानकाचे नाव मात्र ‘मंडला फोर्ट’ हेच राहिले. किल्ल्याचे अवशेषच काय ते उरले असता त्याचे नाव पाटीवर टिकून आहे, हीदेखील एक मौजच.

गावाची जागा पाहिली की राजधानीसाठी हीच का निवडली, हे कोणास सांगावे लागत नाही. अमरकंटकास उगम पावलेली नर्मदा दिंडोरीवरून येथे येते आणि गावास तीन बाजूंनी कवेत घेऊन पुढे जबलपुराकडे वळते. समोरच्या काठावर महाराजपूर, तेथे बंजर नदीचा संगम. गावापासून थोड्या अंतरावर सहस्रधारा आहे. काळ्या खडकांतून नदी फाटून असंख्य धारांनी वाहते. अशा खडकाळ पात्रात मोठी व्यापारी जहाजे कोठून चालणार? अमेरिकेत मिसिसिपीच्या काठची गावे आगबोटींवर मोठी झाली. मंडल्याच्या नदीने गावास व्यापार फारसा दिला नाही, संरक्षण दिले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोंड राजा नरेंद्रशहा याने येथे किल्ला बांधला व चौथ्या बाजूस खंदक खणून नदीचा वेढा पुरा केला.

गोंड राजवंश त्याहून पुष्कळ जुना. संग्रामशहाच्या बावन्न गढांची कीर्ती आजही येथे सांगितली जाते. त्याची मूळ राजधानी गढा ही आता जबलपूर शहराचाच एक भाग होऊन बसली आहे. पुढे हृदयशहाने मंडल्याजवळ नर्मदाकाठी रामनगर येथे महाल बांधला. तेथील १६६७ च्या संस्कृत शिलालेखात या घराण्याची दीर्घ वंशावळ कोरलेली आहे. आरंभीची नावे इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत, असे पंडित म्हणतात. परंतु आपला वंश दगडावर कोरून ठेवावा असे ज्यांस वाटले, त्यांस ‘रानटी’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी तो लेख एकदा पाहावा. हेच गाव प्राचीन माहिष्मती, असाही येथील लोकांचा अभिमान आहे. विद्वानांचा कल महेश्वराकडे अधिक आहे, तो वाद आम्ही त्यांच्यावरच सोपवतो.

आता आमच्या वाक्याकडे वळू. १७४२ मध्ये पेशव्यांच्या फौजेने मंडळा घेतले, तेव्हा राजा महाराजशहा मारला गेला. त्याचा मुलगा शिवराजशहा यास वर्षाकाठी चार लाखांच्या चौथाईच्या कराराने गादीवर बसविण्यात आले. नागपूरच्या रघूजी भोसल्यांशी पेशव्यांची तेव्हा चुरस होती. तिच्यात मंडळ्याचे नाके आपल्या हाती असणे पेशव्यांस अगत्याचे वाटले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्यच खालसा केले व अखेरचा राजा नरहरशहा यास खुरईच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे १७९९ मध्ये मंडळा नागपूरकरांकडे गेले, आणि त्यानंतरची अठरा-एकोणीस वर्षे पेंढाऱ्यांनी हा मुलूख पुनःपुन्हा तुडविला. गाव तेवढे बचावले, कारण मराठ्यांनी त्यास तटबंदी केली होती. १८१८ मध्ये शिबंदीने किल्ला सोडण्याचे नाकारले, तेव्हा जनरल मार्शलने हल्ला करून तो घेतला.

या साऱ्या हकिकतीत एक नाव आमच्या मनास लागून राहिले आहे. सागरकरांच्या अमदानीत येथे वासुदेव पंडित नावाचा अधिकारी होता. त्याने अवघ्या दीड वर्षात जुलमाने कित्येक लाख रुपये उकळले व प्रांताची धूळधाण त्याच्यापासून सुरू झाली, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरात आहे. इंग्रजांस आधीच्या राजवटीस काळे फासण्यात रस होता, हे आम्ही जाणतो. आकड्यांस थोडी कात्री लावावी हेही मान्य. तथापि तटबंदी बांधणारे जर आपले, तर वसुली करणारे दुसऱ्यांचे असे म्हणता येणार नाही. तोही बदलीवरचा मराठी अंमलदारच होता. कागदावर त्याच्या जमेची बाजू चोख असेल. रयतेच्या खात्यात काय लिहिले गेले, हे तपासावयास पुण्याहून कोण येणार होते?

गोंडांची आठवण मात्र पुसली गेली नाही. १८५७ मध्ये याच घराण्याचे वृद्ध राजे शंकरशहा व त्यांचे पुत्र रघुनाथशहा यांस १८ सप्टेंबर रोजी जबलपुरात इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्याच रात्री ५२ वी पलटण उठली. राज्य जाऊन सत्तर-पाऊणशे वर्षे झाली होती, तरी इंग्रजांस त्या नावाची धास्ती वाटत होती.

१९०१ मध्ये मंडल्याची वस्ती जेमतेम पाच हजारांची होती. २०११ च्या गणनेत ती अर्ध्या लाखाच्या घरात गेली. १९९८ मध्ये दिंडोरी वेगळा झाला, तरी उरलेल्या जिल्ह्यात साडेदहा लाखांवर माणसे आहेत व त्यांत निम्म्याहून अधिक गोंड आणि इतर आदिवासी. म्हणजे राजे गेले, पेशवे गेले, भोसले व इंग्रजही गेले. ज्यांचा मुलूख होता ते येथेच राहिले. सगळेच राहिले असे मात्र म्हणता येत नाही. १९९० मध्ये पुऱ्या झालेल्या बरगी धरणाने मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांस झळ पोचविली. त्या काळी हुकमावर सह्या करणारे हात आमच्यासारख्याच नोकरदारांचे होते, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

सायंकाळी आम्ही घाटावर बसलो होतो. हाती काठी व कमंडलू घेतलेले काही परिक्रमावासी उतरले. बोलीवरून ते आपल्याकडचे असल्याचे कळले. घाटावरच्या एका म्हाताऱ्याने ‘नर्मदे हर’ म्हणून त्यांचे स्वागत केले व रात्रीच्या जेवणाची सोय कोठे होईल ते सांगितले. हे कोणत्या देशाचे, यांच्या पूर्वजांनी येथे काय केले, हे त्याने विचारले नाही. आम्हांस मात्र ते आठवत होते.

वाचकांपैकी अनेकजण आमच्याप्रमाणेच परमुलखात सरकारचे अन्न खात आहेत. आपापल्या बदलीच्या गावी अशी एखादी खूण त्यांसही सापडेल. तेथे आपल्या विजयाचे साल जरूर पाहावे. पण त्याच पानावर त्या गावाने काय सोसले, हेही वाचून घ्यावे. चार लाखांची चौथाई आज कोणी मागत नाही, कोणी परत करू म्हणत नाही. परंतु उद्या सकाळी आमच्या टेबलाशी या मुलखातला जो कोणी अर्ज घेऊन उभा राहील, त्यास ताटकळत न ठेवणे एवढे तरी आमच्या हाती आहे.