पन्नास सेंटांचा शेजारधर्म

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी न्यूयॉर्क शहरात ब्रायन थॉम्पसन यांची पाठीमागून गोळ्या झाडून हत्या झाली. ते अमेरिकेतील सर्वांत मोठ्या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख होते आणि त्या वेळी गुंतवणूकदारांच्या सभेला निघाले होते. घटनास्थळी सापडलेल्या काडतुसांवर ‘विलंब’ आणि ‘नकार’ या अर्थाचे शब्द लिहिलेले होते. एका पत्नीचा पती आणि दोन मुलांचा पिता गेला होता. परंतु समाजमाध्यमांवर शोकाऐवजी उपहासच उसळला. असंख्य लोकांनी आपापल्या नाकारलेल्या दाव्यांच्या आणि लांबलेल्या उपचारांच्या कहाण्या त्या निमित्ताने सांगितल्या.

हत्या ती हत्याच. पाचव्या आज्ञेला कोणी श्रीमंत अपवाद नाही. तथापि एका सुसंस्कृत म्हणविणाऱ्या राष्ट्रातील सामान्य माणसांची मने इतकी कठोर का व्हावीत, हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागते.

१९२९ साली टेक्सास राज्यातील डॅलस शहरी बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन किंबल यांच्याकडे आला. ते पूर्वी त्याच शहराच्या शाळांचे अधीक्षक होते. थकलेल्या बिलांची चोपडी चाळताना त्यांना ओळखीची नावे दिसू लागली. ती शिक्षकांची होती. किंबल यांनी साधी योजना आखली: प्रत्येक शिक्षकाने महिन्याला ५० सेंट द्यावेत आणि गरज पडल्यास त्याला वर्षातून २१ दिवस रुग्णालयात उपचार मिळावेत. हजाराहून अधिक शिक्षक तीत सामील झाले. निरोग्यांनी आजाऱ्यांचा भार उचलावा, कारण उद्या आपणही खाटेवर असू, हा तिचा पाया होता. मंदीच्या त्या काळात अशा योजना गावोगाव निघाल्या आणि त्यांतूनच ‘ब्लू क्रॉस’ ही नफा न घेणारी चळवळ उभी राहिली. तिच्या योजनांत तरुण आणि वृद्ध, धडधाकट आणि दुखणाईत अशा सर्वांना सामान्यतः एकच हप्ता असे.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. १९४२ साली सरकारने वेतनवाढीवर मर्यादा घातली, तेव्हा कामगार टिकवण्यासाठी मालक पगाराऐवजी विमा देऊ लागले. या नव्या बाजारात व्यापारी कंपन्या शिरल्या. ज्या कारखान्यात तरुण आणि सशक्त माणसे अधिक, त्याला त्यांनी स्वस्त दर दिला. साहजिकच जुन्या योजनांच्या पदरी वृद्ध आणि आजारी अधिक प्रमाणात उरले, आणि तग धरण्यासाठी त्यांनाही हळूहळू तीच रीत उचलावी लागली. अखेर १९९४ साली ब्लू क्रॉसच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सभासद-संस्थांना नफ्यासाठी काम करण्याची मुभा दिली. शेजारधर्माच्या पोटी जन्मलेली संस्था आता शेअरबाजाराच्या दारात उभी राहिली.

या धंद्याच्या परिभाषेतील एक शब्द आम्हांला फार बोलका वाटतो. रुग्णाच्या उपचारावर खर्च झालेल्या रकमेला तेथे ‘मेडिकल लॉस’, म्हणजे वैद्यकीय नुकसान, म्हणतात. ज्या कामासाठी हप्ता घेतला, ते काम करणे हेच जेथे नुकसान ठरते, तेथे रुग्ण हा शेजारी राहत नाही. तो हिशेबातील तोटा बनतो.

या हिशेबाची फळे नव्वदीच्या दशकात घरोघर दिसू लागली. उपचारापूर्वी कंपनीची परवानगी घ्यावी लागे. बाळंतिणीला चोवीस तासांत घरी धाडले जाई. ३० मे १९९६ रोजी डॉ. लिंडा पीनो यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली की, विमा कंपनीसाठी काम करत असताना १९८७ साली त्यांनी एका माणसाला आवश्यक शस्त्रक्रिया नाकारली आणि त्यामुळे तो दगावला. याबद्दल त्यांना कोणी जाब विचारला नाही, कारण कंपनीचे सुमारे पाच लाख डॉलर वाचले होते. त्याच वर्षी मातांचा संताप कायद्यात उतरला: सामान्य प्रसूतीनंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास रुग्णालयातील मुक्कामाचा खर्च विमा कंपनीला नाकारता येऊ नये, असे ठरले.

जून २००९ मध्ये काँग्रेसच्या चौकशीत आणखी एक प्रकार उघड झाला. तीन कंपन्यांनी पाच वर्षांत जवळजवळ २०,००० विमेदारांच्या पॉलिसी मागाहून रद्द करून ३० कोटी डॉलर वाचवले होते. टेक्सासमधील एका निवृत्त परिचारिकेची स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया ऐन तोंडावर आली असताना तिची पॉलिसी थांबवण्यात आली. कारण त्वचारोगतज्ज्ञाकडे मुरुमांसाठी घेतलेल्या उपचाराची जुनी नोंद! जाणूनबुजून केलेली लबाडी वगळता पॉलिसी रद्द करणार नाही असे वचन द्याल का, असे विचारले असता तिन्ही कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला.

२३ मार्च २०१० रोजी नव्या आरोग्य कायद्यावर स्वाक्षरी झाली. लबाडीखेरीज पॉलिसी रद्द करणे बंद झाले. २०१४ पासून जुन्या आजारामुळे विमा नाकारता येईना. आणि हप्त्यांपैकी किमान ८० ते ८५ टक्के रक्कम रुग्णसेवेवर खर्चणे बंधनकारक ठरले. या कायद्याने अमेरिकेतील कॅथोलिकांतही मतभेद झाले. गर्भपाताच्या प्रश्नावरून महागुरूंनी त्याला विरोध केला. कॅथोलिक रुग्णालयांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहान यांनी पाठिंबा दिला. दोन्ही बाजूंना जीवनाचीच काळजी होती, हे विसरू नये.

तरीही नकाराची पत्रे थांबली नाहीत आणि मनांत साचलेला संताप २०२४ साली भलत्याच वाटेने बाहेर पडला. त्या गोळ्यांनी एकाही रुग्णाची शस्त्रक्रिया झाली नाही. याउलट एका डॉक्टरच्या कबुलीने, मातांच्या तक्रारींनी आणि परिचारिकेच्या साक्षीने जे मिळवले, ते आज लाखो कुटुंबांच्या उपयोगी पडते आहे. संताप साक्ष बनला तर त्यातून कायदा जन्मतो. तो सूड बनला तर केवळ आणखी एक घर उजाड होते.

आपल्याकडे १९८६ साली सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणला आणि १९९९ च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांनाही विमाक्षेत्र खुले झाले. आता आपल्या पॅरिशमधील कितीतरी घरांत विम्याचे कागद आहेत. विमा घेताना आजार लपवू नये, नकार आला तर तो लेखी मागावा आणि कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही. पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, विमा मुळात कशासाठी जन्मला याचे स्मरण असावे. महिन्याला ५० सेंट मोजणाऱ्या त्या डॅलसच्या शिक्षिकेला आपले पैसे परत यावेत अशी इच्छा नव्हती. ते शेजारच्या वर्गातील कोणाच्या तरी खाटेसाठी गेले, तर तिला ते नुकसान वाटत नव्हते.