पोवळ्यांच्या गल्लीतला शनिवार

चेन्नईच्या तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळच्या देवळात तुम्ही आलात ते शिवाजी महाराजांसाठी. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत ते इथे दर्शनाला आले होते, असं देऊळ सांगतं. पायऱ्या उतरा आणि त्यानंतरच्या अकराव्या वर्षात या.

२९ सप्टेंबर १६८८. सेंट जॉर्ज किल्ल्यात गर्दी आहे, मद्रासची नगरपालिका आज सुरू होतेय. बारा आल्डरमनांना लाल झगे ठरलेत. त्यांतले तिघे ज्यू: रॉड्रिग्ज, दो पोर्तो, दा फोन्सेका. नावं पोर्तुगीज, कारण पूर्वज इन्क्विझिशनच्या धाकाने तिकडून निसटलेले. वार मात्र शनिवार, म्हणजे शब्बाथ! आपल्या कोकणातल्या शनिवार तेल्यांनी, म्हणजे बेने इस्राएल ज्यूंनी, या दिवशी घाणासुद्धा फिरवला नसता. ईस्ट इंडिया कंपनीला त्याचं काय?

या लोकांच्या पेट्या उघडून पाहा. आत भूमध्य समुद्रातली पोवळी, लिव्होर्नोहून लंडनमार्गे आलेली. ती इथे विकायची आणि त्या पैशांतून गोवळकोंड्याचे हिरे घेऊन लंडनला धाडायचे. हिरे पारखून घ्यायला जाक द पाइवा थेट खाणींकडे गेला, आजारी पडला आणि गेल्याच वर्षी वारला. पेद्दनायकनपेटेत त्याची कबर अजून ताजी आहे. त्याची विधवा हिएरोनिमा गव्हर्नर एलिहू येलच्या आश्रयाला आहे, आणि गावात हिऱ्यांपेक्षा चर्चा त्याचीच. (हो, विद्यापीठवाला येल तोच.)

आता पुढच्या शतकात चला, मुत्याळपेटेतल्या पवळक्कार तेरुमध्ये. पोवळ्यांच्या व्यापाऱ्यांची ही गल्ली. प्रार्थना होते ती या वस्तीच्या सिनेगॉगमध्ये. पण सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि इथला प्रत्येक जण कुणाचा तरी आडत्या. भाव फिरला की तोही फिरणार. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडतात, कंपनीचं लक्ष बंगालकडे वळतं. कुणी लंडनला परततो, कुणी कलकत्त्याला जातो, आणि दहावा माणूस मिळेनासा होतो. सिनेगॉग पाडायला इथे शत्रूची गरजच नव्हती. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या बेने इस्राएलांचं तसं नव्हतं: घाणा, शेत, शेजारी आणि भाषा सगळं इथलंच. तिथलं मागेन आबोथ आजही उभं आहे, जरी १९४८ नंतर बहुतेक आळी इस्राएलला गेली.

आजच्या काळात या. गल्लीचं नाव तेच, मोठाली घरं चेट्टियारांची. पेद्दनायकनपेटेतल्या मिंट स्ट्रीटवर, जुन्या ज्यू दफनभूमीच्या जागी, आता शाळा आहे. तिथल्या थडग्यांचे दगड १९८३ मध्ये हलवले. ते बघायचे असतील तर रिक्षावाल्याला लॉइड्स रोड सांगा. पाटीवर अव्वै षण्मुगम सालै असेल, पण जुनं नाव चालतं. फाटकाला कुलूप असलं, तर शेजारच्या चिनी दफनभूमीत चौकशी करा.