जिवाणूंच्या तारेची कुळकथा

अन्नातून सुटणारे इलेक्ट्रॉन कुणाला तरी देऊन टाकणे, श्वसन म्हणजे मुळात हेच. माणूस ते प्राणवायूला देतो. फैजपूरच्या केळीबागेत पाणी तुंबले की जमिनीतला प्राणवायू संपतो. तेव्हा मातीतले काही जिवाणू लोहाच्या गंजावर भागवतात. पण गंज सहसा विरघळत नाही आणि पेशीतही शिरत नाही. इलेक्ट्रॉनलाच बाहेर जावे लागते, आणि तार लागते ती इथे.

असा जिओबॅक्टर जिवाणू डेरेक लवली यांना १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. त्याच्या भाऊबंदांपैकी एकाच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांतून वीज वाहते, असे जेमा रेगेरा, लवली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले आणि त्यांना ‘नॅनोवायर’ म्हटले. हे तंतू म्हणजे ‘पिली’, अनेक जिवाणूंच्या अंगावर असणारी प्रथिनांची लव, असे तेव्हा धरले गेले.

इथून पुढच्या कथेत एक मराठी आडनाव येते. आयआयटी मुंबईत शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ निखिल मालवणकर यांनी लवलींच्या गटात काम करताना २०११ मध्ये हे तंतू धातूसारखी वीज वाहतात, असे मांडले. पुढे येल विद्यापीठात त्यांनी एडवर्ड एगलमन यांच्यासह अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू अणूंच्या पातळीवर पाहिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले चित्र वेगळेच निघाले. तंतू पिलीचा नव्हता; ओएमसीएस नावाच्या सायटोक्रोम प्रथिनाचे रेणू एकापुढे एक जोडले गेले होते. प्रत्येक रेणूत लोहयुक्त हीमचे सहा गट, आणि ते इतके लगटून की इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर सरकत जावा. रक्ताला लाल रंग देतो तोही हीमच. तंतूची जाडी सुमारे ४ नॅनोमीटर. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटालाही स्वतंत्रपणे हीच रचना दिसली.

आपलेच आधीचे गृहीत खोडायला धैर्य लागते, आणि या शोधाचे खरे मोल तिथेच आहे. २०२१ मध्ये मालवणकरांच्या गटाने पिलीचे काम वेगळे असल्याचे मांडले: त्या दट्ट्यासारख्या मागेपुढे होऊन सायटोक्रोम तारा पेशीबाहेर ढकलतात. लवलींना मात्र हा निष्कर्ष मान्य नाही. पिलीही वीज वाहतात, असे ते म्हणतात. तार कशाची, यावर वाद चालू असला तरी २००५ मध्ये मिळालेले ‘नॅनोवायर’ हे नाव दोन्ही पक्ष वापरतात.