विजेविना जगाच्या दूरचित्रवाणी मालिका : ऐतिहासिक शक्याशक्यतेचा एक अभ्यास

प्रस्तावना

मानवी संस्कृतीचा अकस्मात अंत झाल्यानंतरचे जग चित्रित करणाऱ्या साहित्यकृतींची पाश्चात्त्य देशांत दीर्घ परंपरा आहे. त्यातील एका उपप्रवाहात महायुद्ध किंवा महामारी नव्हे, तर विजेचे नाहीसे होणे हेच संकटाचे मूळ कल्पिले आहे. फ्रेंच लेखक रने बारजाव्हेल यांच्या १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या 'राव्हाज' या कादंबरीत इ. स. २०५२ मध्ये वीज एकाएकी लोप पावते. बीबीसीने १९७५ साली प्रसारित केलेल्या 'द चेंजेस' या मालिकेत माणसेच यंत्रांविरुद्ध उठतात. याच परंपरेतील अलीकडची ठळक कृती म्हणजे एरिक क्रिपकी यांनी निर्मिलेली 'रेव्होल्यूशन' ही अमेरिकन मालिका होय. एनबीसी वाहिनीवर १७ सप्टेंबर २०१२ पासून मे २०१४ पर्यंत तिचे दोन हंगाम प्रसारित झाले.

या मालिकेत एका रात्री जगातील सर्व विद्युतप्रवाह थांबतो. दिवे विझतात, मोटारी रस्त्यात उभ्या राहतात, विमाने कोसळतात. कथानक तेथून पंधरा वर्षे पुढे जाते. अमेरिकेचे संघराज्य लयाला गेले आहे, तिच्या भूमीवर लष्करी सरदारांची राज्ये उभी आहेत आणि सामान्य माणसे शेती करून, तलवारी व धनुष्यबाण बाळगून जगत आहेत. ही कल्पना कितपत संभवनीय आहे, हा प्रश्न बहुधा पदार्थविज्ञानाच्या अंगाने विचारला जातो. तथापि तो मूलतः इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण मानवाने आपल्या ज्ञात इतिहासाचा बहुतांश काळ विजेविनाच व्यतीत केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. मालिकेतील मूळ गृहीतकाची वैज्ञानिक सुसंगती तपासणे.
२. विद्युतपूर्व समाजाचे मालिकेतील चित्र व त्याचे ऐतिहासिक वास्तव यांची तुलना करणे.
३. वीज खंडित झाल्याच्या प्रत्यक्ष घटनांच्या आधारे समाजविघटनाच्या कल्पनेचे परीक्षण करणे.

मूळ गृहीतकाची सुसंगती

वीज शोषून घेणारी असंख्य सूक्ष्मयंत्रे हवेत पसरल्याने हा अंधार झाला, असे स्पष्टीकरण मालिकेत पुढे येते. कल्पितकथेला एखादे असंभव गृहीतक घेण्याची मुभा असते; अपेक्षा इतकीच की, त्यापुढील सर्व काही त्या गृहीतकाला धरून असावे. येथेच अडचण उद्भवते. लुइजी गाल्व्हानी यांनी १७९१ साली बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून सजीवांचे चलनवलन विद्युतक्रियेशी निगडित असल्याचे ज्ञान विकसित होत गेले. सर्व वीज शोषली गेली, तर हृदयाचे स्पंदनही थांबावयास हवे. म्हणजे ही सूक्ष्मयंत्रे मानवनिर्मित वीज तेवढी ओळखतात, असे मानावे लागते.

दुसरी विसंगती यंत्रांविषयीची आहे. रुडोल्फ डीझेल यांनी १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते; त्यास विजेच्या ठिणगीची गरज नसते. यांत्रिक इंधनपंप असलेली जुनी डीझेल इंजिने संपीडित हवेने सुरू करता येतात. बाष्पयंत्राला तर विजेचा संबंधच नाही. मालिकेच्या एका भागात बाष्पशक्तीवर धावणारी आगगाडी अवतरते, मात्र ती एखाद्या अपूर्व शस्त्राप्रमाणे. पंधरा वर्षांच्या अवधीत अशी शेकडो यंत्रे का उभी राहिली नाहीत, याचे उत्तर मिळत नाही.

विद्युतपूर्व समाज : चित्र आणि वास्तव

थॉमस एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्यापूर्वीचे जग तलवारींचे आणि सरदारांचे नव्हते. लंडनच्या 'द टाइम्स'ची छपाई १८१४ साली बाष्पशक्तीवर होऊ लागली होती. लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग १८३० साली खुला झाला. न्यूयॉर्क शहरास १८४२ पासून क्रोटन जलवाहिनीतून पाणी मिळू लागले, तेही निव्वळ उताराच्या बळावर. बॉस्टनच्या परिसरातील तळ्यांचा बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास पोहोचला आणि पुढे मुंबईतही येऊ लागला. संदेशवहनासाठी तारायंत्र हे विजेचेच अपत्य असले, तरी त्याच्याही अगोदर १७९४ साली क्लोद शाप यांच्या मनोऱ्यांवरील दृश्यसंकेतांनी पॅरिस व लील ही शहरे जोडली गेली होती. संसद, न्यायालये, अधिकोष, विद्यापीठे, टपाल या साऱ्या संस्था विजेपेक्षा वयाने मोठ्या आहेत.

इतकेच नव्हे, तर अमेरिकेच्या ग्रामीण भागात विद्युतीकरण बरेच उशिरा झाले. १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले, तेव्हा तेथील दर दहा शेतघरांपैकी सुमारे नऊ घरांत वीज नव्हती. तरीही तेथे निवडणुका होत, शाळा भरत आणि कायद्याचे राज्य होते. यावरून विजेचा अभाव म्हणजे मध्ययुग हे मालिकेचे समीकरण इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

मात्र याचा अर्थ विजेविना आधुनिक समाज सहज १८८० सालात परतू शकेल, असाही नव्हे. १८८० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ५ कोटी होती व तिच्यातील जेमतेम २८ टक्के लोक शहरांत राहत. मालिका प्रसारित झाली त्या वर्षी ती ३१ कोटींहून अधिक होती आणि सुमारे ८० टक्के लोक नागरी भागात होते. १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या शेतांवर घोडे व खेचरे मिळून अडीच कोटी जनावरे होती. त्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली. जुने गॅसदिवे, बर्फाची कोठारे, हातपंप, घोड्यांचे तबेले आणि ते सांभाळणारे कारागीर हे सारे नव्या व्यवस्थेने केवळ मागे टाकले नाहीत, तर नाहीसे केले. १९१३ साली जर्मनीतील ओपाऊ येथे कृत्रिम नत्राचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. आजच्या लोकसंख्येच्या अन्नाचा फार मोठा वाटा त्या प्रक्रियेतून मिळणाऱ्या खतांवर अवलंबून आहे. तात्पर्य, जो पूल ओलांडून समाज पुढे आला, तो पूल त्याने मागे ठेवलेला नाही. मालिकेतील खरा संभवनीय अंश हाच आहे. परंतु तिने त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

अंधार आणि समाजविघटन

वीज जाताच माणूस माणसाचा वैरी होतो, हे अशा मालिकांचे आवडते गृहीतक आहे. न्यूयॉर्क शहराचा इतिहास या संदर्भात उद्बोधक ठरतो. ९ नोव्हेंबर १९६५ रोजी ईशान्य अमेरिका व कॅनडाच्या काही भागातील सुमारे ३ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. न्यूयॉर्कमध्ये ती रात्र एकंदरीत शांततेत पार पडली. त्याच शहरात १३ जुलै १९७७ रोजी पुन्हा अंधार झाला. या वेळी दुकाने लुटली गेली, हजाराहून अधिक आगी लागल्या आणि ३,७०० हून अधिक लोकांना अटक झाली. मधल्या काळात शहर १९७५ च्या आर्थिक अरिष्टातून गेले होते. बेरोजगारी वाढली होती आणि नागरी सेवांत कपात झाली होती. १४ ऑगस्ट २००३ रोजी सुमारे ५ कोटी लोकांना अंधाराचा सामना करावा लागला. त्या वेळी १९७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. अंधार तोच, शहर तेच, परिणाम मात्र भिन्न. यावरून अंधार विघटन घडवीत नाही. आधीच असलेली भेग तो उघडी करतो, असे म्हणता येते.

'रेव्होल्यूशन'च्या प्रसारणापूर्वी अवघे दीड महिना, ३० व ३१ जुलै २०१२ रोजी भारतातील विद्युतजाल कोलमडले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य जालांवरील ६० कोटींहून अधिक लोक प्रभावित झाले. महाराष्ट्राचा समावेश असलेले पश्चिम जाल त्यातून बचावले. अपार गैरसोय झाली; पण समाज कोसळला नाही. जेथे वीज जाणे नित्याचे असते, तेथे कंदील, हातपंप यांसारखी जुनी साधने व त्यांच्या वापराची सवय काही प्रमाणात टिकून राहते, हा मुद्दाही येथे लक्षात घ्यावा लागतो.

दीर्घकालीन अंधाराचे उदाहरण पोर्तो रिको बेटावर सापडते. २० सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या मारिया चक्रीवादळाने तेथील संपूर्ण वीजव्यवस्था उद्ध्वस्त झाली व ती पूर्ववत होण्यास सुमारे अकरा महिने लागले. प्रारंभी मृतांची अधिकृत संख्या ६४ होती. पुढे अभ्यासाअंती ऑगस्ट २०१८ मध्ये ती २,९७५ मानण्यात आली. तेथे सरदारांची राज्ये निर्माण झाली नाहीत. वृद्ध, आजारी आणि निर्धन माणसे मात्र वादळ ओसरल्यानंतरच्या महिन्यांत, कोणाच्या नजरेत न येता, अधिक प्रमाणात मृत्युमुखी पडली. श्वसनयंत्र, रक्तशुद्धीकरण किंवा शीतपेटीतील औषध यांवर ज्यांचे जीवन अवलंबून असते, त्यांच्यासाठी अंधार ही साहसकथा नसते. मालिकेने एका क्षणात ओलांडलेल्या पंधरा वर्षांतच नेमका हा इतिहास घडला असता. पूर्वदृश्यांतून त्या काळाची काही झलक दिसते, परंतु कथेचा गाभा द्वंद्वे आणि लढाया यांनी व्यापलेला राहतो.

निष्कर्ष

१. 'रेव्होल्यूशन'मधील संकटाचे कारण असंभव आहेच. परंतु डीझेल व बाष्पयंत्रांची उपेक्षा पाहता ती आपल्या गृहीतकाशीही पूर्णतः प्रामाणिक राहत नाही.

२. विद्युतपूर्व समाज मध्ययुगीन नव्हता. वीज गेली तर ज्ञान व संस्था आपोआप नष्ट होतील, असे मानण्यास इतिहासाचा आधार नाही.

३. लोकसंख्या, नागरीकरण, अन्नोत्पादन आणि लुप्त झालेली कौशल्ये यांमुळे मागे परतणे मात्र अत्यंत कठीण आहे.

४. हिंसाचाराचे प्रमाण अंधारावर नव्हे, तर त्यापूर्वीच्या सामाजिक न्यायावर व परस्परविश्वासावर अवलंबून असते.

दीर्घकाळ वीज खंडित होण्याची शक्यता काल्पनिक नाही. मार्च १९८९ मधील सौरवादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते आणि मोठी रोहित्रे निकामी झाल्यास ती नव्याने घडविण्यास दीर्घ काळ लागतो. अशा वेळी समाजाची कसोटी तलवार चालविणाऱ्या वीरांवरून लागणार नाही. तिसऱ्या मजल्यावरील आजारी शेजाऱ्याला पाणी कोण नेऊन देतो, यावरून ती लागेल. इतिहासाने नोंदविलेला अंधार हेच सांगतो.