अंतर्गळाची शस्त्रक्रिया आणि ‘आराम’ : एक ऐतिहासिक टिपण

मराठीत ‘आराम करणे’ म्हणजे विसावा घेणे आणि ‘आराम पडणे’ म्हणजे बरे वाटणे. फारसीतून आलेल्या एकाच शब्दाने विसावा व आरोग्य हे दोन्ही अर्थ वाहावेत, यात नवल नाही. वैद्यकानेही दीर्घकाळ या दोहोंत भेद केला नव्हता. अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता मात्र हे दोन अर्थ परस्परांपासून दूर होत गेलेले दिसतात. आपल्या व्यवहारातील भाषेने हा पालट अद्याप आत्मसात केलेला नाही, आणि त्याची झीज रुग्णाला सोसावी लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुश्रुतसंहितेत वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून अंत्रवृद्धी हा त्यांपैकी एक होय. भार वाहणे, बलवानाशी झुंजणे, झाडावरून पडणे ही तिची कारणे तेथे दिली आहेत. श्रम हे कारण ठरल्यावर श्रमत्याग हा उपचार ठरावा, हे ओघानेच आले. अर्वाचीन काळी इटलीतील एदुआर्दो बास्सिनी यांनी १८८७ मध्ये जांघेतील दुबळी भिंत शिवून दृढ करण्याची पद्धती मांडली. तीत स्नायू ओढून जोडावे लागत. टाक्यांवर ताण येई. ते तुटू नयेत म्हणून रुग्णास दीर्घकाळ निजवून ठेवीत. खाट हा शस्त्रक्रियेचाच उत्तरार्ध होता म्हणा ना!

या समजुतीला पहिला धक्का शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्ये दिला. रुग्णास लवकर उठवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९४० च्या सुमारास डेट्रॉइटच्या डॅनियल लाइटहाउजर यांनी हाच विचार नेटाने पुढे नेला, आणि दुसऱ्या महायुद्धात खाटा अपुऱ्या पडू लागल्यावर जे तर्काने पटले नव्हते ते निकडीने पटले. निजून राहिल्याने स्नायू दुबळे होतात आणि पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, हे आज सर्वमान्य आहे. उरलेली भीती टाक्यांची. अमेरिकेतील लिक्टेनस्टाइन यांनी १९८० नंतरच्या दशकात स्नायू न ओढता कृत्रिम धाग्याची जाळी बसविण्याची पद्धती रूढ केली, तेव्हा तिचाही आधार गेला.

महाराष्ट्रात या पालटाच्या दोन धारा दिसतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून रोगनिदानासाठी दुर्बिणीचा उपयोग केला आणि १९९० मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. त्याच दशकात जगभर अंतर्गळासाठीही लहान छिद्रांतून जाळी बसविण्याचा प्रघात पडला. दुसरी धारा धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील. डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड नेहमीच्या खुल्या शस्त्रक्रियेत वापरले व अनेक केंद्रांतील निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. अशाच स्वस्त जाळीची युगांडात रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षअखेर ती महाग जाळीहून लक्षणीय उणी ठरली नाही.

दुर्बिणीने नेमके काय साधले? २००३ मध्ये झालेल्या एका व्यापक समालोचनानुसार दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण नित्याच्या व्यवहारास सुमारे सात दिवस आधी लागतात. मात्र तिला संपूर्ण भूल लागते आणि खर्चही अधिक येतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचे म्हणणे असे की, सोसवेल तसे नित्याचे व्यवहार निर्बंधाविना सुरू करावेत. त्याच दिवशी चालावे, वेदनाशामक वेळेवर घ्यावे, खोकताना जखमेवर हात धरावा, मलावरोध होऊ देऊ नये. ताप, उलटी, वाढती सूज किंवा लघवी अडणे ही मात्र तत्काळ दाखविण्याची लक्षणे होत. छिद्र लहान असले, तरी हे सांगितले गेले नाही तर सात दिवसांचा लाभ खाटेवरच संपतो.

येथे जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी हे गाव डोळ्यांसमोर आणावे. २०२३ च्या आरक्षण आंदोलनाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु मराठवाड्यातील अशा गावांचा नित्याचा प्रश्न श्रमाचा आहे. या भागातून ऊसतोडीस जाणारा मजूर मुकादमाकडून ‘उचल’ घेतो आणि मोळी उचलून ती फेडतो. पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. एक आडवा पडला की कोयता थांबतो व खाडा मांडला जातो. अशा मनुष्यास ‘आराम करा’ एवढेच सांगितले, तर तो एक तर बाज धरतो, नाही तर कर्जाच्या धास्तीने दुखणे दडवून तिसऱ्या दिवशी मोळी उचलतो. दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेतच. दोष त्याच्या आकलनाचा नाही.

यास्तव वैद्याने ‘आराम’ हा शब्द मोडून सांगावा : आज चाला, अमुक दिवशी शेतावर जा, मोळी केव्हा उचलायची ते दाखवून मग ठरवू. शस्त्रक्रियेने छेद लहान केला. सल्ला तितका नेमका करणे हे काम भाषेचे आहे.