शर्यतीचे नियम आणि न्यायाची कल्पना : बैलगाडी व मोटार

शर्यत हा विषय इतिहासाच्या अभ्यासकांनी बहुधा करमणुकीच्या सदरात टाकून दिलेला आहे. परंतु जेथे जेथे माणसांनी पैज लावून आपली जनावरे किंवा यंत्रे पळविली, तेथे तेथे त्यांना एक प्रश्न सोडवावा लागला : बरोबरी कशाची मानावयाची? या प्रश्नाचे उत्तर शर्यतीच्या नियमांत सापडते. ते नियम वाचताना काय निषिद्ध आहे एवढेच पाहून भागत नाही; अन्याय कोणावर होऊ शकतो असे नियम करणाऱ्यांनी मानले होते, हे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात बैलगाडीची शर्यत व अमेरिकेतील लहान धावपट्टीवरील मोटारशर्यत यांचे नियम या एकाच दृष्टीने तपासावयाचे आहेत.

ही तुलना वरवर पाहता दूरान्वयाची वाटेल. परंतु १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्यात काळ नदीकाठच्या बिरवाडीसारख्या गावी एका अंगास भाताची खाचरे आणि दुसऱ्या अंगास महाडची औद्योगिक वसाहत दिसते. बैलाची शक्ती आणि इंजिनाची शक्ती जेथे अशा शेजारी नांदतात, तेथील वाचकास ही तुलना परकी वाटू नये.

महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यत एकाच प्रकारची नाही. अलिबाग व मुरूडकडे ती समुद्राच्या पुळणीवर होते. जुन्नर, आंबेगाव व खेड या भागांत घाटाची शर्यत असते. तेथे एका वेळी एकच गाडा धावतो, बैलांपुढे घोडी असते आणि निकाल घड्याळावर लागतो. सातारा-सांगलीकडे अनेक गाड्या शेजारी-शेजारी सुटतात व गटांतून अंतिम फेरी गाठतात. विदर्भात हीच परंपरा शंकरपट या नावाने चालते. या भेदाचा न्यायाशी थेट संबंध आहे. गाडा एकटा धावला म्हणजे दुसऱ्याने अडविल्याची तक्रार उरत नाही. सारा भरवसा वेळ मोजणाऱ्यावर येतो. गाड्या शेजारी धावल्या म्हणजे निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो. परंतु कोणास कोणती बाजू मिळाली यावरून वाद निघतो, आणि तो चिठ्ठ्या टाकून मिटवावा लागतो.

याहून महत्त्वाचा नियम वयाचा. आदत, म्हणजे ज्याचे दुधाचे दात अद्याप पडलेले नाहीत असा बैल. दुसा, म्हणजे कायमचे दोन दात आलेला. चौसा, म्हणजे चार दात आलेला. पहिले दोन कायमचे दात साधारणपणे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात. कोवळ्या खोंडाची गाठ पूर्ण वाढलेल्या बैलाशी पडू नये म्हणून आदत व दुसा यांच्या शर्यती पुष्कळ ठिकाणी वेगळ्या ठेवतात. मोटारशर्यतीत इंजिनाच्या आकारमानावरून वर्ग पाडतात, त्याच जातीचा हा नियम आहे. त्याचे बळ असे की, जनावराचे तोंड उघडून कोणीही जाणता शेतकरी मैदानावरच त्याची परीक्षा करू शकतो. तपासणी सोपी असेल तर नियमास लोकांची मान्यता मिळते.

यंत्राच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आली. अमेरिकेत १९४८ साली 'नॅसकार' ही संस्था स्थापन झाली, आणि दुकानात विकली जाते तशीच मोटार शर्यतीत उतरावी, असा तिच्या नव्या मालिकेचा नियम ठरला. त्या मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील पाऊण मैलाच्या मातीच्या धावपट्टीवर झाली. ग्लेन डनअवे याची फोर्ड मोटार पहिली आली. परंतु तपासणीत तिच्या मागील स्प्रिंगांत फेरफार केल्याचे आढळले, आणि विजय जिम रोपर यास देण्यात आला. मोटारीचा मालक न्यायालयात गेला. त्याचा दावा फेटाळला गेला. आपले नियम आपण लावण्याचा संस्थेचा अधिकार त्यामुळे पक्का झाला. स्प्रिंग निदान वाकून पाहता येते. इंजिनाच्या पोटात काय केले आहे, हे ते उकलल्यावाचून कळत नाही, आणि उकलण्यास वेळ, पैसा व जाणकार माणूस लागतो.

या अडचणीवर लहान धावपट्ट्यांच्या चालकांनी दोन युक्त्या योजल्या. पहिली युक्ती मोठी मार्मिक आहे : ठरविलेली रक्कम पुढे केली की विजेत्याने आपले इंजिन प्रतिस्पर्ध्यास विकलेच पाहिजे. मग ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर करण्यात अर्थ उरत नाही. तपासनिसाचे काम प्रतिस्पर्ध्याचा खिसाच करतो. दुसरी युक्ती, कारखान्यातूनच मोहोरबंद करून आलेले एकसारखे इंजिन सर्वांनी वापरण्याची. ती एकविसाव्या शतकाच्या आरंभी पसरली. मोहोर बनावट करण्याचे प्रकारही मागोमाग आलेच. या दोन्ही नियमांत अन्याय होऊ शकणारा पक्ष म्हणून बेताच्या ऐपतीचा स्पर्धक मान्य केलेला आहे. इंजिन स्वतः मात्र पक्षकार नाही. ते फुटले तर नुकसान मालकाचे.

बैलास वेदना आहे, आणि येथे दोन इतिहासांच्या वाटा वेगळ्या होतात. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखालील ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाचा समावेश खेळ करून दाखविण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतींवरही बंदी कायम केली. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्याच्या स्पर्धेस योग्य नाही, असा त्या निकालातील एक विचार होता. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. तरीही प्रत्यक्ष शर्यतींस वाट १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. चाबूक, काठी व विजेचा धक्का यांस मनाई, पशुवैद्याकडून तपासणी आणि जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी, असे नियम त्यानंतर शर्यतीच्या अंगी आले. ज्याच्या शक्तीवर शर्यत चालते तोच प्रथम पक्षकार झाला.

एवढ्यावरून न्याय पूर्ण झाला असे मात्र म्हणता येत नाही. दाताचा नियम प्रतिस्पर्ध्याची काळजी घेतो, कायदा बैलाची घेतो. एकाच जोडीवर शेती करणाऱ्या शेतकऱ्याची काळजी या दोहोंपैकी कोणी घेतलेली नाही. ट्रॅक्टर व मोटारी बक्षिसांत येऊ लागल्या, आणि नामांकित बैलांच्या किमती लाखांच्या घरात गेल्या. ज्याच्याजवळ पैसा आहे तो वर्गाच्या मर्यादेत राहूनही उत्तमातील उत्तम आदत विकत घेऊ शकतो. अमेरिकन धावपट्टीवरील विक्रीची सक्ती येथे आणावी, असे सुचविण्यात अर्थ नाही. इंजिन हात बदलते तेव्हा कोणाचे काळीज तुटत नाही; घरचा बैल दावणीवरून जबरीने सोडवून नेणे हा शेतकऱ्यावर नवाच अन्याय होईल. गाव किंवा तालुका यांची मर्यादा घालणे आणि बक्षिसाची रक्कम आवरणे हे उपाय त्यामानाने आपल्या चालीरीतींस अधिक जुळणारे आहेत.

यावरून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा : नियम हे समाजाच्या न्यायबुद्धीचे बखरवजा टिपण असते. कोणत्या काळी कोणाची तक्रार ऐकण्याजोगी मानली गेली, याची नोंद त्यात राहते. प्रतिस्पर्ध्याची तक्रार सर्वांत जुनी आहे; मुक्या जनावराची तक्रार ऐकावयास कायद्याला फार काळ लागला; आणि आपल्या मैदानांवर गरीब स्पर्धकाच्या तक्रारीस अजून नियमाचे रूप यावयाचे आहे.