मॅट्रिक ते एस. एस. सी. : एका मापपट्टीचा इतिहास



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी पेशाने कापडाचा व्यापारी. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय असला, तरी अधिकाराचा नव्हे. तथापि ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीवर काम करीत असताना दहावीच्या शेकडो गुणपत्रिका नजरेखालून गेल्या. ज्या टक्केवारीवर आपण मुलामुलींची निवड करतो, तिची मूळ कथा काय, हे जाणून घेण्याची ओढ त्यातूनच लागली. जे वाचनात आले व जे अनुभवास आले, ते समाजबांधवांपुढे ठेवीत आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नोंदवही असा आहे. मॅट्रिक होणे म्हणजे विद्यापीठाच्या वहीत नाव चढणे. म्हणजे शाळेत मुलगा काय शिकला हे तपासण्यासाठी ही परीक्षा निर्माणच झाली नव्हती. महाविद्यालयाच्या दारात कोणास उभे करावे, एवढेच तिचे काम होते. पहिल्या वर्षी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी जेमतेम वीसएक होते. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. पुढे १८६२ साली रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले.

या विद्यापीठाशी आपल्या समाजाचा संबंध फार जुना आहे, हे तरुण पिढीस बहुधा ठाऊक नसावे. सुरतेचे जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. १८६५ साली युद्ध संपताच बाजार कोसळला व प्रेमचंद शेठही त्यात पोळले. परंतु दान तेवढे टिकले. मातोश्रींच्या नावाने उभारलेला तो राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. मातोश्री दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याच्या नियमासाठी त्यांना घड्याळाच्या टोल्यांचा उपयोग व्हावा, अशी इच्छा त्यामागे होती, असे सांगतात. ही कथा खरी असो वा नसो, चौविहार पाळणाऱ्या घरातील माणसाला ती ऐकून बरे वाटते.

विद्यापीठाने दार उघडले, परंतु दारापर्यंत नेणारी वाट सरकारी हायस्कुलातून जात होती. मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल आणि जिल्ह्याच्या ठिकाणची सरकारी हायस्कुले यांची प्रतिष्ठा मॅट्रिकच्या निकालावरच ठरे. याच एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले व त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुण्यात १८८० साली चिपळूणकर, टिळक प्रभृतींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, तेव्हा सरकारी मदतीवाचून चालणारी शाळाही मॅट्रिकला चमकू शकते, हे निकालाने दाखविल्यावरच लोकांचा विश्वास बसला. निकाल हीच शाळेची हुंडी होती, असे आम्हा व्यापाऱ्यांच्या भाषेत म्हणता येईल.

या व्यवस्थेतील दोष तेव्हाच्या जाणत्यांच्याही ध्यानी आला होता. सगळीच मुले काही महाविद्यालयात जाणार नाहीत, म्हणून हायस्कुलात व्यवहारोपयोगी शिक्षणाची वेगळी शाखा असावी, अशी शिफारस १८८२ च्या हंटर आयोगाने केली. शालेय परीक्षा विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे द्यावी, असे १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगानेही सुचविले. मात्र मुंबई इलाख्यात मॅट्रिकचे राज्य पुढेही दीर्घकाळ चालूच राहिले, कारण सरकारी नोकरीसाठी मॅट्रिक लागे. ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा लग्नाच्या बाजारात व पेढीवर सांगण्याजोगी पात्रता होती!

खेड्यातील मुलाला हायस्कुलापर्यंत पोहोचविण्याचे काम वसतिगृहांनी केले, आणि त्यात आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची बोर्डिंगे, तसेच आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने मुंबईत उभे राहिलेले महावीर जैन विद्यालय ही ठळक उदाहरणे होत. आणि कर्मवीर भाऊराव पाटील! कुंभोजच्या या जैन सुपुत्राने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून बहुजनांच्या लक्षावधी मुलांसाठी शाळांची दारे उघडली; ते स्वतः मात्र मॅट्रिक उत्तीर्ण नव्हते. समितीच्या बैठकीत टक्क्यांवरून वाद झाला की मला हटकून त्यांची आठवण होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली पुण्यास स्वतंत्र परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. आजचे राज्य मंडळ १९६६ सालापासूनचे. लोक मात्र कित्येक वर्षे ‘मॅट्रिक’च म्हणत राहिले. दरम्यान १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली होती, आणि आमच्या दुकानावर ‘मॅट्रिक’ व ‘मेट्रिक’ यांवर पुष्कळ विनोद होत.

पुढे दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला आणि मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली तुकडी एस. एस. सी. ला बसली. मी त्याच तुकडीचा, सरकारी हायस्कूलचा विद्यार्थी. त्याच वर्षी जुन्या अकरावीची मुलेही परीक्षेस होती. निकाल वर्तमानपत्रात बारीक टाइपात केवळ क्रमांकांनी छापून येई. एस. टी. ने येणाऱ्या गठ्ठ्याची वाट पाहत आम्ही स्टँडवर सकाळपासून उभे होतो. माझा क्रमांक द्वितीय श्रेणीत होता. प्रथम श्रेणी मिळविणाऱ्यांची नावे गावात बोटांवर मोजता येत, आणि ‘बोर्डात येणे’ ही तर दुसऱ्याच जगातील गोष्ट होती. मला ५६ टक्के गुण मिळाले आणि वडिलांनी पेठेत पेढे वाटले. आज कोणी ५६ टक्क्यांचे पेढे वाटील काय?

त्याच वर्षी आपला ट्रस्ट स्थापन झाला. पहिल्या गुणगौरव समारंभासाठी ६० टक्क्यांची अट होती. पुढे अर्ज वाढत गेले, तशी अट ७०, ७५ व शेवटी ८० झाली. मुले हुशार होत चालली, असे आम्ही कौतुकाने म्हणत असू. तसे ती झालीही असतील. परंतु त्याबरोबर नियमही बदलत होते. तोंडी व अंतर्गत परीक्षेचे गुण आले. २०१० पासून सहांपैकी उत्तम पाच विषयांवर टक्केवारी काढण्यात येऊ लागली. कला व क्रीडा यांचे वाढीव गुण मिळू लागले. गुणवत्ता यादी तर या शतकाच्या पहिल्या दशकातच बंद झाली होती.

मग २०१९ साल आले. त्या वर्षी मंडळाने भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण रद्द केले होते. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. तो एकदम ७७.१० वर आला. पैकीच्या पैकी टक्के मिळविणारे राज्यभरात अवघे २० निघाले. पुढील वर्षी वीस गुण परत मिळाले. टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही व त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला आणि शंभर टक्केवाले २४२ झाले. २०२१ साली परीक्षाच झाली नाही. शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के! दोन वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी एवढी खालीवर झाली, असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही.

आमच्या समितीने मात्र २०१९ साली ८० टक्क्यांची अट तशीच ठेवली. केंद्रीय मंडळाच्या शाळांतील मुलांना त्या वर्षीही अंतर्गत वीस गुण होते; त्यांचे अर्ज पात्र ठरले. गावच्या सरकारी हायस्कुलातून नऊ अर्ज आले होते. त्यांतील एकही पात्र ठरला नाही. एका मुलीला ७८.४० टक्के होते आणि ती आपल्या शाळेत पहिली आली होती. तिचे वडील माझ्या दुकानी येऊन एवढेच म्हणाले, ‘‘शेठजी, पहिली आली म्हणून शाळेने सत्कार केला, आणि तुम्ही नापास केलीत.’’ मी त्यांना नियम वाचून दाखविला. त्या बैठकीच्या इतिवृत्तावर माझी सही आहे, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

नऊवारी साडीचे नाव अजून वारातच चालते, मोजणी मात्र मीटरने होते. वार ९१ सेंटिमीटरांचा आणि मीटर १०० चा. हा फरक विसरून एका पट्टीने मोजलेल्या तागाचा हिशेब दुसऱ्या पट्टीच्या तागाशी लावला, तर दिवाळीपर्यंत दुकानाचे दिवाळे निघेल. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून जे मला रोज कळत होते, ते गुणपत्रिका हाती घेतल्यावर सुचले नाही.

२०२२ पासून आपण टक्क्यांची अट काढून टाकली आहे. प्रत्येक मंडळाचे अर्ज वेगळे लावून त्या त्या वर्षीच्या अर्जांतील वरचे विद्यार्थी निवडले जातात आणि घरची परिस्थिती पाहिली जाते. काही विश्वस्तांना ही पद्धत अजून रुचत नाही. टक्का कसा स्वच्छ दिसतो, असे त्यांचे म्हणणे असते.

सुवर्णमहोत्सवी वर्षात २०१९ च्या त्या नऊ अर्जदारांस पत्रे पाठवून, जे अद्याप शिक्षण घेत आहेत त्यांना थांबलेली शिष्यवृत्ती देण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने केला आहे. सहा जणांचे पत्ते मिळाले. तिघांची कुटुंबे गाव सोडून गेली आहेत आणि ७८.४० टक्क्यांची ती मुलगी या तिघांतच आहे. सरकारी हायस्कूलच्या २०१९ च्या दहावीतील कोणी वाचकांच्या परिचयाचे असल्यास ट्रस्टच्या कार्यालयात कळवावे, ही नम्र विनंती.